एकवीस दिवस गप्प

ताईंचा आवाज शहरातल्या निम्म्या माणसांच्या ओळखीचा होता. चेहरा मात्र फार थोड्यांच्या. बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर, काचेच्या एका खोलीत, त्या सव्वीस वर्षं माईकसमोर बसत आल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं मूल चुकलं, सगळं त्या सांगायच्या. स्वच्छ, एका लयीत, कुठेही न अडखळता. एकदा एक प्रवासी बाई खाली चौकशीच्या खिडकीत म्हणाली होती, "तुमचं मशीन फार छान बोलतं हो." खिडकीतल्या कारकुनाने वर येऊन हे पोट धरून हसत सांगितलं. ताईही हसल्या. संध्याकाळी घरी जाताना मात्र ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

घर म्हणजे चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लग्न राहून गेलं होतं, आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि धाकटा भाऊ दूरच्या शहरात होता. तो दर रविवारी फोन करायचा. "जेवलीस का ताई?"पासून "बरं, ठेवतो"पर्यंत चार मिनिटं. एरवी घरात आवाज काय तो ताईंचाच. सकाळी साडेपाचला त्या पवित्र शास्त्र उघडून बसायच्या आणि एक अध्याय मोठ्याने वाचायच्या, समोर शंभर माणसं बसली असावीत तसा. रविवारच्या उपासनेतलं वाचनही त्यांच्याकडेच होतं. पाळकसाहेब म्हणायचे, "ताईंनी वाचलं की माझ्या उपदेशाची गरजच राहत नाही." ताईंनी ते कधी थट्टेवारी नेलं नव्हतं.

वचनं त्यांना तोंडपाठ होती आणि कुठलं वचन कुणाला लागू पडतं हेही त्यांना लगेच सुचायचं. कारकुनाची दाढ ठणकत होती तेव्हा त्यालाही त्यांनी धीराबद्दलचं एक वचन ऐकवलं. गालावर हात ठेवून तो म्हणाला, "खरं आहे ताई, पण आधी एखादी गोळी असली तर बघा ना."

समोरच्या दारात राहणाऱ्या वहिनी पुस्तकं बांधायच्या. छापखान्यातून छापील कागद यायचे, ते घडी घालून, शिवून, पुठ्ठा चढवून परत जायचे. त्यांचा नवरा ट्रक चालवायचा. आठवड्यातले पाच दिवस तो रस्त्यावर. मुलगी एकच. घरात तिला छकू म्हणत. तेवीस वर्षांची, एका चष्म्याच्या दुकानात कामाला. दोन्ही घरांत चांगली ये-जा होती. छकू जिन्यातूनच ओरडायची, "ताई, आज तुमची सात नंबरची गाडी वीस मिनिटं उशिरा होती, आणि तुम्ही दहा सांगितली!"

ही छकू चार दिवसांच्या तापात गेली. कुणाला काही कळायच्या आत.

दफनाच्या दिवशी वहिनींची खोली माणसांनी भरलेली होती. वहिनी जमिनीवर बसून रडत होत्या. आवाज दाबून नव्हे, मोठ्याने, श्वास लागेपर्यंत. ताई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आपल्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "वहिनी, देवाच्या हातून चूक होत नसते. यातही त्याने काहीतरी चांगलंच योजलं असेल. असं रडून अविश्वास दाखवू नका."

वहिनींचं रडणं थांबलं. त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

"झाली तुमची घोषणा?" त्या म्हणाल्या. "झाली असेल तर जा घरी."

ताई उठल्या आणि चार पावलांवरच्या आपल्या दारात शिरल्या.

या गोष्टीला चौदा महिने झाले होते. त्या दिवसापासून समोरचं दार बंद. जिन्यात गाठ पडली तर वहिनी भिंतीकडे सरून वाट द्यायच्या, पण मान वर करायच्या नाहीत. ताईंच्या मनाला ते फार लागलं होतं. आपण काय वाईट बोललो? देवाचीच बाजू घेतली ना? भगिनी मंडळाच्या बैठकीत त्यांनी प्रार्थनेचा विषय म्हणून सांगूनही टाकलं, "माझ्या समोरच्या बहिणीचं हृदय कठीण झालंय, तिच्यासाठी प्रार्थना करा." बायकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. चहाच्या वेळी ती बहीण कोण, याची चौकशीही केली.

त्यातच ताईंचा आवाज बसायला लागला. आधी सकाळी, मग दुपारीही. घोषणा करताना मध्येच सूर तुटायचा. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ आहे. साधी आहे, घाबरायचं कारण नाही. काढून टाकू. पण नंतर एकवीस दिवस एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो. घरात कोण कोण असतं तुमच्या? त्यांना बजावून ठेवा."

"कुणी नसतं," ताई म्हणाल्या.

"मग सोपंच आहे," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

सोपं नव्हतं. शस्त्रक्रिया नीट पार पडली, तिसऱ्या दिवशी ताई घरी आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. गप्प बसायलाही समोर कुणीतरी लागतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. भावाने संदेश पाठवला होता, "आता तरी माझं ऐकून घेशील!" आणि पुढे हसरा चेहरा. बोलता येत नाही म्हटल्यावर रविवारचा फोन त्याने केलाच नाही. त्याचं तरी काय चुकलं?

पाचव्या दिवशी रजेचा कागद द्यायला त्या बसस्थानकावर गेल्या. आवारात पाय ठेवला आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांचाच आवाज वरून येत होता. सात नंबरची गाडी तीन नंबरच्या फलाटावर. स्थानकाच्या साहेबांनी रेकॉर्ड करून ठेवलेल्या जुन्या घोषणांचे तुकडे जोडून काम भागवलं होतं. माणसं पिशव्या उचलून मुकाट तीन नंबरकडे निघाली होती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी ताई रोज वरच्या खिडकीतून बोलायच्या, "एक पाठव रे, साखर कमी." आज त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या तर तो म्हणाला, "बोला बाई, काय देऊ?" त्याने त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं. चहा आला तो साखर घालून. तो तसाच पिऊन त्या निघाल्या.

रविवारी उपासनेत वाचन दुसऱ्याच एका बाईंनी केलं. दोनदा अडखळल्या, एक ओळ गाळली. कुणाला काही वाटलं नाही. उपासनेनंतर अंगणात ताई वही आणि पेन्सिल घेऊन उभ्या राहिल्या. माणसं यायची, विचारपूस करायची, ताई उत्तर लिहायला घ्यायच्या आणि ते लिहून होईपर्यंत समोरच्याची नजर इकडेतिकडे फिरू लागायची. "बरं बरं, लवकर बऱ्या व्हा," म्हणून खांद्यावर हात ठेवून प्रत्येकजण पुढे सरकला. वहीच्या पानावर अर्धवट राहिलेली सात वाक्यं घेऊन ताई घरी आल्या.

सकाळचं वाचन आता मनातल्या मनात करावं लागत होतं. त्यात गंमत अशी झाली की मोठ्याने वाचताना ज्या ओळी सुरात निघून जायच्या, त्या आता वाटेत थांबायला लागल्या. त्या दिवसांत त्या वाचत होत्या त्या माणसाची कथा, ज्याची मुलंबाळं, गुरंढोरं, घरदार सगळं एका दिवसात गेलं आणि जो राखेत बसला. त्याचे तीन मित्र त्याला भेटायला येतात. या मित्रांची भाषणं ताईंना फार आवडायची. किती भारदस्त वाक्यं! उपासनेत वाचताना त्यांचा आवाज तिथे अगदी खुलायचा.

पण भाषणांच्या आधी एक छोटीशी ओळ होती, आणि आज नजर तिथेच अडकली. मित्र आले, त्यांनी त्याचं दुःख पाहिलं आणि सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. दुःखच तेवढं मोठं होतं.

ताईंनी घाईने पानं उलटून शेवट काढला. शेवट त्यांना ठाऊक होता, पण आज तो डोळ्यांनी बघायचा होता. देव रागावतो तो त्या मित्रांवर. गप्प बसले होते तेव्हा नव्हे, बोलले म्हणून. आणि बोलले होते ते देवाचीच बाजू घेऊन.

ताईंनी पुस्तक मिटलं नाही. ते मांडीवर उघडंच ठेवून त्या कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. कामावर जायचं नव्हतं, कुणी हाक मारणार नव्हतं. आपण ही कथा सात-आठ वेळा तरी वाचली, चारचौघांत वाचली, आणि शिकलो काय, तर मित्रांची भाषणं. त्या पलीकडच्या खोलीत, त्या दिवशी, आपण सात मिनिटंही बसलो नव्हतो.

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. पहिली दोन पानांची झाली. तीत आपला हेतू कसा चांगला होता ते होतं, आणि एक वचनही होतं. ती त्यांनी फाडली. दुसरीतून वचन गेलं, पण 'तुम्हीही मला' अशी सुरुवात झालेलं एक वाक्य राहिलं. तीही फाडली. तिसरी एवढीच: 'त्या दिवशी मी बोलायला नको होतं. माझं चुकलं. रडणं चूक नव्हतं.'

दार वाजवलं. वहिनींनी दार उघडलं. हाताला चिकटवायची खळ लागलेली, केस पांढरे झालेले. चौदा महिन्यांपूर्वी ते काळे होते, हे ताईंना एकदम जाणवलं. वहिनींनी चिठ्ठी घेतली, दारातच उभ्याने वाचली, आणि परत ताईंच्या हातात दिली.

"वाचली," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

ताई घरात येऊन रडल्या. रडतानाही आवाज काढायचा नव्हता, म्हणून तोंडावर उशी धरून. माफी मागितली की दार उघडेल असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, हे त्यांना उशीत तोंड खुपसल्यावर कळलं. म्हणजे माफीतही आपण काहीतरी मागायलाच गेलो होतो. एवढं कळूनही रडू थांबलं नाही.

पुढचे तीन दिवस त्यांनी दोन्ही खोल्यांच्या खिडक्या पुसल्या, आईच्या ट्रंकेतले कपडे उन्हात घातले, आणि दुपारी पडून वरच्या मजल्यावरच्या पावलांचे आवाज ऐकले.

चौथ्या दिवशी सकाळी खाली दूध आणायला गेल्या तर लिफ्ट बंद, आणि जिन्याच्या पायथ्याशी छापखान्याचे सहा गठ्ठे. टेम्पोवाला टाकून गेला होता. वहिनी एक गठ्ठा छातीशी धरून पहिल्या वळणावर टेकल्या होत्या, धापा टाकत. ताईंनी दुधाची पिशवी कठड्याला अडकवली, दुसरा गठ्ठा उचलला आणि चढायला लागल्या. सहा गठ्ठे वर जायला अर्धा तास लागला. शेवटचा दोघींनी मिळून दोन टोकांना धरून नेला. तो दारात ठेवून ताई वळल्या, तेव्हा वहिनी पदराने घाम पुसत म्हणाल्या, "एवढं सगळं केलंत, तोंडातून एक शब्द नाही. रुसलात का?"

ताईंनी गळ्यावर बोट ठेवलं. मग हवेत दोन बोटं कात्रीसारखी मिटली, ओठांवर ठेवली आणि दोन्ही हातांनी एकवीस दाखवायचा प्रयत्न केला. ते काही जमेना.

वहिनी बघत राहिल्या. "म्हणजे बोलायचंच नाही? तुम्ही?" आणि त्यांना हसू फुटलं. हसू आलं म्हणून त्या स्वतःच दचकल्या, तोंडावर हात ठेवला, तरी खांदे हलतच राहिले. "अहो ताई, हा डॉक्टर भेटला कुठे तुम्हाला?"

त्या दिवशी ताई आत गेल्या. खोली तीच होती, पण अर्ध्या जागेत कागद. वहिनींनी त्यांना एक लाकडी पट्टी दिली आणि कागदाची घडी कशी घालायची ते दाखवलं: कोपऱ्याला कोपरा, मग पट्टीने एकदाच दाबून. "दोनदा फिरवू नका, कागद चुरगळतो." ताई घड्या घालू लागल्या. दुपार झाली. वहिनी शिवत होत्या. दोऱ्याचा कागदातून जाण्याचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी दार वाजवायच्या आधीच उघडं होतं. बोलणं असं फार नव्हतंच. 'खळ द्या', 'हे बारा झाले', 'चहा ठेवू का'. ताई मान हलवायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांचे हात दुखायचे आणि घर आधीइतकंच रिकामं असायचं. पण उद्या कुठे जायचं ते ठरलेलं असायचं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी, हातातलं शिवण न थांबवता, वहिनी बोलायला लागल्या.

"पहिल्या दिवशी तिला ताप नव्हता. म्हणजे मला तरी लागला नाही. म्हणाली, अंग मोडून आलंय, आज कामावर जात नाही. मी म्हटलं, ऊठ, नाटकं करू नकोस, आत्ताच गेल्या आठवड्यात सुट्टी घेतलीस. पांघरूण ओढलं मी तिचं. गेली बिचारी. दिवसभर उभी राहून आली. संध्याकाळी दारातच बसली. या इथे. पहिल्याच दिवशी नेलं असतं डॉक्टरकडे, तर..." सुई थांबली. "हे यांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. सगळे म्हणतात, तुम्ही किती केलंत तिचं. मी काय केलं ते मला ठाऊक."

ताईंचा हात आपोआप वहीकडे गेला. वचन तयार होतं. खरंखुरं वचन, क्षमेबद्दलचं; शोधावंही लागलं नाही, ते जिभेवर येऊन उभं राहिलं. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलंसुद्धा. वहिनी त्या टोकाकडे बघत होत्या, फटका यायची वाट बघावी तशा.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. वही मिटली. उठून त्या वहिनींच्या बाजूला, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ.

वहिनी रडल्या. चौदा महिन्यांपूर्वी मध्येच तोडलेलं रडणं जणू तिथूनच पुढे सुरू झालं. ताई बसून राहिल्या. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या, खळ वाळून तिच्यावर साय धरली, खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासून पालथी घातली. बसून राहणं इतकं कठीण असतं हे त्यांना माहीत नव्हतं. बोलून टाकलं की सुटता येतं. बसलं की त्या दुःखात आपणही असतो.

एकविसाव्या दिवसानंतर डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. "बोला काहीतरी," त्या म्हणाल्या. ताईंना काही सुचेना. शेवटी त्यांनी एक ते दहा आकडे म्हटले. आवाज आला, पण तो जाड, खरखरीत होता. "हा असाच राहील बहुतेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाणीबिणी म्हणत नाही ना?"

स्थानकावर साहेबांनी स्पष्टच सांगितलं, की तुकडे जोडलेल्या घोषणा उत्तम चालल्या आहेत. ताईंनी आता सकाळच्या पाळीला सापडलेल्या सामानाच्या खिडकीवर बसावं. ताईंनी मान डोलावली. भगिनी मंडळात मात्र त्या उभ्या राहिल्या आणि त्या नव्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "मागे मी एका बहिणीसाठी प्रार्थनेचा विषय दिला होता. तो चुकीचा होता. हृदय माझं कठीण होतं." एकीने घसा साफ केला, आणि पुढचं गीत कुठलं ते कुणीतरी विचारलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी जिन्यात वहिनींचे यजमान, ट्रकवाले भाऊ, भेटले. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते पायऱ्यांवर बसले होते, आपल्याच दारापासून आठ पायऱ्या खाली.

"भाऊ, इथे का बसलात?" ताईंनी विचारलं.

"जातो आत." ते उठले नाहीत. "ताई, ती तुमच्याशी बोलते म्हणे. माझ्याशी नाही बोलत. मी घरात आलो की मलाच काय बोलावं सुचत नाही. म्हणून लांबची भाडी घेतो मी, खोटं कशाला बोलू. गाडीत बरं वाटतं." ते हाताच्या घट्ट्यांकडे बघत राहिले. "तुम्ही शास्त्र वाचता. काय बोलू मी तिच्याशी, सांगा."

या प्रश्नाला पूर्वी ताईंनी अर्धा तास उत्तर दिलं असतं. आता त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती सांगितली तर आपल्या दुपारी जाणार, हेही त्यांना त्याच क्षणी दिसलं. त्या खोलीत घडी घालायची जागा एकाच माणसापुरती होती.

"काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "तिच्याजवळ खाली बसा. ती कागद देईल, घडी घाला. ती सांगेल तेव्हा ऐका, आणि ऐकून झालं तरी उठू नका. लांबची भाडी थोडे दिवस सोडा."

"एवढंच?"

"एवढंच. फार कठीण आहे."

भाऊ आत गेले. ताईंनी आपल्या दारातून पाहिलं, ते चप्पल काढून भिंतीशी अवघडून बसले होते. इतका मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन. वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग लाकडी पट्टी त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर ताईंच्या दुपारी पुन्हा त्यांच्या एकटीच्या झाल्या. वहिनी जिन्यात थांबून बोलायच्या, बुधवारी चहाला हक्काने बोलवायच्या. भाऊ आता रोज संध्याकाळी घरी यायचे. पण आठवड्याला बुधवार एकच. उरलेल्या दिवशी अंधार पडला की ताई दिवा लावायच्या, एकटीपुरतं सूप गरम करायच्या आणि टेबलाशी बसायच्या. डोळे मिटून त्या देवाला म्हणायच्या, की मला फार एकटं वाटतं. याच्यापुढे काही जोडायच्या नाहीत. ना वचन, ना समजूत. तेवढं सांगून त्या थोडा वेळ तशाच बसायच्या, आणि मग सूप निवायच्या आत जेवून घ्यायच्या.